सव्वा मूठ गहू

सकाळी उठल्याबरोबर ठगू आधी आईच्या डोळ्यांत बघायची. इतर पोरं चुलीकडे बघतात, काय शिजतंय म्हणून. ही बघायची, आज आई कोण आहे म्हणून. नऊ वर्षांची पोर, पण तिला त्यात काही विशेष वाटत नसे. तिच्या लेखी सगळ्यांच्याच आया अशा असाव्यात, फक्त कोणी बोलत नसावं.

"आज कोन शे?" तिनं विचारलं.

"मी शे. तुन्ही मायच शे," मंगला म्हणाली. "उठ बरं. आज मूठ टाकानी शे. घरमा पाय ठेवाले जागा ऱ्हावाव नई."

ठगूनं आणखी थोडा वेळ निरखलं आणि पटल्यासारखी मान हलवली. मंगलाला त्या मान हलवण्याची फार लाज वाटायची. पोटच्या पोरीनं आपल्याला रोज सकाळी ओळखून घ्यावं, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

लाज तिच्या अंगवळणी पडली होती. स्वतःबद्दलची बातमी तिला नेहमी दुसऱ्याच्या तोंडून कळे. भाकरी थापता थापता मध्येच कुठंतरी तुटायचं, आणि पुन्हा भान यायचं तेव्हा पायाला शेतातला चिखल असायचा, किंवा लुगड्याचा पदर चावून चावून ओला झालेला असायचा. मग ती गुपचूप घरातल्या माणसांची तोंडं बघत फिरायची. धाकटी जाऊ बायजा हसली तर काही बिघडलेलं नाही. नवऱ्यानं, हिलालनं, तोंड फिरवलं तर काहीतरी झालंय.

घराला मात्र सगळं ठाऊक होतं. मंगलामध्ये आणखी तिघी होत्या. एक बारकी, जी नऊ वर्षांच्या पोरीच्या आवाजात बोलायची आणि गाडीच्या चाकाचा आवाज आला की धान्याच्या कोठीमागं जाऊन दडायची. दुसरी दिवली. ह्या नावाची मोलगीकडची एक डोंगरातली बाई पूर्वी या घरी कामाला होती, लग्न होऊन आलेल्या पोरसवदा मंगलाला तिनं मांडीवर घेऊन भरवलं होतं. ती मरून जमाना लोटला, पण मंगला अधूनमधून तिच्यासारखी हसायची, तिच्या डोंगरी बोलीत बैलांशी बोलायची आणि दोन गड्यांचं काम एकटी उरकायची. या दोघी आल्या की घर दार लावून घेई.

तिसरी मात्र क्वचित यायची. ताठ पाठीची, हळू आवाजाची, कोणापुढं मान न वाकवणारी. तीन श्रावणांपूर्वी ती पहिल्यांदा आली तेव्हा नेमकी घरात श्रावणातली कानबाई देवी बसलेली होती. मग काय, भाऊबंदांनी पटापट हात जोडले. अंगात आई आली! तेव्हापासून गावातले लोक हरवलेला बैल आणि न टिकणारं बाळंतपण घेऊन दारात येऊ लागले. हिलालची मान, जी दोघींनी खाली घातली होती, ती तिसरीनं वर केली. घरानं बायकोची अशी वाटणी केली होती: दोघी कोठडीत, एक चौरंगावर. आणि खुद्द मंगला चुलीपुढं.

*

नथ्थूआप्पांची दमणी, दोन बैलांची हलकी गाडी, दुपार व्हायच्या आत आली. आप्पा म्हणजे हिलालचे सख्खे चुलते, भाऊबंदकीतले सर्वांत वडील पुरुष. नंदुरबारला त्यांची लाकडाची वखार होती, खांडबाऱ्याहून त्यांचा माल उतरायचा. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. त्यांच्या धोतराला कधी डाग नसे आणि बोलण्याला कधी धार नसे. असा माणूस घरात असला की घराला वजन येतं, असं सगळे म्हणत.

त्यांनी ठगूसाठी हिरवा परकर आणि गुळाची ढेप आणली होती. ओसरीवर बसून त्यांनी पोरीला जवळ बोलावलं.

"वयनी," ते आतल्या भावजयीकडे बघून म्हणाले, "सोमवारले कानबाई नदीवर गयी का मी पोरले लई जास. नंदुरबारले पोरीसनी शाया शे. शिकी, शहानी व्हई. मन्हा घरले बी दिवा लागी."

"आप्पा, पोरनं नशीब उघडनं!" हिलाल म्हणाला, आणि खरोखरच त्याचे डोळे भरून आले.

भिकुबाई, हिलालची आई आणि सुनांची जिजी, उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. त्यांनी "हं" म्हटलं. ते "हं" होकाराचं होतं की नुसतंच घशातलं, हे कोणी विचारलं नाही.

बायजा हे सगळं चुलीपाशी बसून ऐकत होती. तिचं तोंड सुपासारखं सतत पाखडत असायचं, पण डोळे त्याहून जागे. परातीत लाल भोपळ्याच्या फोडी तशाच पडलेल्या आणि मंगला जागेवर नाही, हे तिच्या लक्षात आलं. ती न बोलता उठली आणि माजघरातल्या कोठीमागं वाकली.

मंगला गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. शेजारी तशीच ठगू, हातात गुळाचा खडा.

"गूय खावाना नई," मंगला बारक्या आवाजात तिला समजावत होती. "त्या आधी गूय देतस. मंग गाडीमा बठाडतस."

"बारकी, मी आज जात नई. सोमवारले जासू," ठगू म्हणाली. तिला वाटलं, मैत्रिणीला आपण जाण्याचं वाईट वाटतंय.

मंगलानं झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. "मोठ्यानं नको बोलू. रातले कडी लावतस. दिवा बी ठेवतस नई."

"कोन लावस कडी, अक्का?" बायजानं विचारलं. चेष्टेच्या सुरात विचारलं, कारण घरात बारकीशी तसंच बोलायची रीत होती.

मंगलानं वर बघितलं. त्या डोळ्यांत बायजाला असं काही दिसलं की ती तिथंच खाली बसली. आजवर आपण याच पोरीला बघून तोंडाला पदर लावून हसत होतो. तिला स्वतःची इतकी शरम वाटली की तिनं ठगूच्या हातातला गूळ काढून घेतला आणि काय करावं ते न सुचून आपल्याच कनवटीला लावला.

*

"माय, आज चार लोके येतीन," हिलाल परसात भिकुबाईंना सांगत होता. "ठगूनी माय परत कोठीमांगे दपेल शे. मूठ टाकाना वखतले काही झायं ते मन्ही मान जाई. झाकली मूठ सव्वा लाखनी ऱ्हास."

"मोठी सून शे. मूठ तिनीच टाकानी ऱ्हास."

"टाकू दे. पन तू जोडे ऱ्हाय."

भिकुबाई हात धूत होत्या. हात धुऊन झाले तरी पाणी ओतत राहिल्या. "हिलाल, पोरले औंदा नको धाडू. पुढला साल दखू."

"का बरं? आप्पाले काय सांगू?"

"ल्हान शे."

"मंगला ते तिन्हाइतलीच व्हती ना! मानमोडीना सालले तूच आप्पाकडे धाडेल व्हती. तिले काय झायं?"

हे तो अगदी सहज म्हणाला. त्या मानमोडीच्या तापात घराघरांतून तिरड्या निघत होत्या. त्या वर्षी या घरात हिलालचे वडील गेले, सुतक पडलं आणि कानबाईच्या नैवेद्याचे रोट बंद राहिले. सुतकातला रोट कानबाईला चालत नाही, मुठीचे गहू काढलेले असले तरी गुरांपुढं टाकतात. नुकती लग्न होऊन आलेली एवढीशी सून जगावी म्हणून तिला नथ्थूआप्पांसोबत नंदुरबारला पाठवलं, त्यात कोणाचं काय चुकलं? गाव अजून भिकुबाईंच्या त्या शहाणपणाचं कौतुक करत असे.

ती परत आली तेव्हा भिकुबाईंनीच तिला न्हाऊ घातलं होतं. न्हाऊ घालताना बाईच्या नजरेला जे दिसायचं ते दिसलं. पोर बोलत नव्हती. भिकुबाईंनी तिच्या अंगावर भराभर पाणी ओतलं, लुगडं गुंडाळलं आणि स्वतःला सांगितलं की ताप असेल, पडली असेल. घरात कर्ता पुरुष उरला नव्हता, पोरं लहान, शेत दिराच्या आधारानं उभं. आपलेच दात, आपलेच ओठ. हेही एक वेळ देवानं माफ केलं असतं. पण दोन महिन्यांनी दिराची दमणी पुन्हा दारात आली, तेव्हा रडणाऱ्या पोरीच्या हातात गुळाचा खडा देऊन भिकुबाईंनी स्वतःच्या हातांनी तिला गाडीत बसवलं होतं. दुसऱ्यांदा. सगळं ठाऊक असताना. ही लाज त्यांनी कोणाला दाखवली नव्हती, आणि ती गेलीही नव्हती.

"काही नई झायं तिले," त्या हिलालला म्हणाल्या, आणि तांब्या पालथा घातला.

*

माजघर माणसांनी भरलं. मध्ये नवी टोपली, बाजूला निवडलेल्या गव्हांचं सूप. शेजारी न्हाणीतून भरून आणलेला पाण्याचा हंडा. रीत अशी, की भाऊबंदकीतल्या दर जित्या पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू टोपलीत पडायचे, पाळण्यातल्या पोराचेसुद्धा. घरातली वडीलधारी बाई नाव घेते, मोठी सून मूठ टाकते. पुढं ते सगळे गहू एकत्र दळतात, त्याचा रोट करतात आणि तो भाऊबंदांतच संपवतात. मूठ पडली की तो माणूस आपला. टोपलीतून त्याचे गहू मग वेगळे काढता येत नाहीत.

मंगला सुपापुढं बसली. चेहरा धुतलेला, पदर नीट. भिकुबाईंनी तिच्याकडे न बघता पहिलं नाव घेतलं. पहिलं म्हणजे सर्वांत वडील.

"नथ्थूभाऊ."

मंगलानं मूठ भरली. ती टोपलीवर आली आणि तिथंच थांबली.

बायजाला वाटलं, बारकी येणार. हिलालला तेच वाटलं आणि त्यानं डोळे मिटले. पण मंगलाची पाठ हळूहळू ताठ झाली, खांद्यावरून पदर सरकला तो तिनं सावरला नाही, आणि मान वर करून तिनं समोरच्या भिंतीला टेकून बसलेल्या आप्पांकडे पाहिलं.

"ही मूठ पडाव नई," ती हळू आवाजात म्हणाली.

"आई उनी!" मागून कोणीतरी ओरडलं. "कानबाई माय उनी!" बायकांनी हात जोडले. एकीनं तर गाणंही धरलं.

आप्पाही हात जोडून पुढं आले. "माय, काय चुकनं मन्हं?"

"मरेल मानूसनी मूठ पडस नई."

"मी ते जित्ता शे, माय. तुन्हासमोर उभा शे."

"आनि ती पोर तुन्ही गाडीमा बठाव नई."

गाणं थांबलं. ठगू हिरवा परकर नेसून बायजाला टेकून उभी होती, सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या आणि पुन्हा आप्पांकडे. ज्यांचा बैल सापडला होता ते पुटपुटू लागले की आईचा शब्द आहे, मोडू नये. ज्यांना वखारीतून लाकूड लागायचं ते गप्प बसले. हिलाल मध्येच अडकला. ही कानबाई नाही म्हणावं, तर तीन वर्षांचा मान मातीत. कानबाई आहे म्हणावं, तर काका दुखावतो.

आप्पा मात्र मऊ हसले. "भाऊहो, मघाशी हीच कोठीमांगे अंगठा चोखी ऱ्हायंती. आते देवी झायी. आपन काय मानानं? एक परीक्षा शे, जुनी. हातवर कापूर पेटाडा. कानबाई व्हई, ते हात जयाव नई."

"आप्पा, नको," बायजा बोलून गेली. धाकट्या सुनेनं पुरुषांत बोलावं हे कोणाला आवडलं नाही, त्यामुळं तिचं म्हणणं राहून गेलं.

आप्पांनी देव्हाऱ्यातला कापूर घेतला. मंगलानं मुठीतले गहू सुपात सोडले आणि आपणहून तळहात पुढं केला. ताठ पाठीच्या त्या बाईनं जळता कापूर हातावर घेतला आणि पापणीही हलवली नाही. कापराचा वास पसरला. कोणीतरी "माय, माय" म्हणू लागलं. आप्पा तिचं मनगट धरून खाली वाकले, अगदी जवळ, नीट बघायला.

चूक तिथंच झाली. कापरानं जे केलं नाही ते त्या हातानं केलं. मनगटावर ती बोटं पडली आणि मंगलाची पाठ कोसळली.

"आप्पा, नको!" आवाज नऊ वर्षांच्या पोरीचा होता. "मी कोनलेच सांगाव नई! जिजीले बी सांगाव नई! कडी उघडा ना, आप्पा, मी चूप ऱ्हासू, कडी उघडा!"

बायजानं झेप घेऊन कापूर झटकला. आप्पांनी हात सोडला होता, पण ती किंकाळी माजघरात तशीच राहिली. जमलेल्यांत प्रत्येकाला लेकी-सुना होत्या. असं एकही माणूस नव्हतं ज्याला कळलं नाही, आणि असंही एकही नव्हतं ज्यानं मान वर केली. लाज ही अशी वस्तू आहे की ज्याची त्यानं उचलली नाही तर बाकीचे आपापसांत वाटून घेतात.

"येडी शे," आप्पा म्हणाले. "मी आधीच सांगं व्हतं."

मग एक म्हातारा भाऊबंद खाकरला. "चाला. वखत व्हई ऱ्हायना. धाकली सूनले टाकू द्या मूठ."

"हा, बायजा, टाक," दुसरा म्हणाला. सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. कामाला लागलं की ऐकलेलं न ऐकल्यासारखं करता येतं.

बायजानं दोन्ही हात पाठीमागं नेले. "मन्हा हात ओला शे," ती म्हणाली. तिचे हात कोरडे ठाक होते, सगळ्यांना दिसत होतं.

"मंग वयनी, तुम्हीच टाका," आप्पा शांतपणे म्हणाले. "मोठ्या शेतस तुम्ही. नाव घ्या आनि टाका."

भिकुबाई सुपाकडे आल्या. त्यांनी गव्हांची मूठ भरली. नथ्थूकडे बघितलं, मग हिरव्या परकरातल्या नातीकडे. मंगला कोठीला टेकून हुंदके देत होती, तिच्याकडे मात्र त्यांना बघवेना. एवढी एक मूठ टाकली की सोमवारी दमणी सुटेल, आणि गाव पुन्हा आपल्या शहाणपणाचं कौतुक करील.

त्यांनी मूठ सोडली, सुपातच. मग वाकून शेजारचा हंडा उचलला आणि उभ्या उभ्या, लुगड्यासकट, स्वतःच्या डोक्यावर ओतला.

पाणी टोपलीखाली गेलं, भाऊबंदांच्या धोतरांखाली गेलं. माणसं दचकून उठली. असं पाणी बाई एकाच वेळी घेते, मरणाची बातमी आल्यावर.

"माय!" हिलाल ओरडला. "हाई काय करी ऱ्हायनी?"

"सुतक पडनं," भिकुबाई म्हणाल्या. "रोट बंद. गहू गुरेसले टाका."

"कोन मरनं?"

"तुन्हा काका. नथ्थू." त्यांचे दात वाजत होते, पण शब्द तुटला नाही. "मानमोडीना सालमाच मरना व्हता तो. मी रडनी नई, इतलंच."

"वयनी, भान शे का?" नथ्थूचा आवाज पहिल्यांदाच चढला. "गावमा काय तोंड दखाडशी? कानबाईना रोट मोडना म्हणीसन पिढ्यानपिढ्या नाव ठेवतीन!"

"ठेवू दे. मन्हं नाव ठेवतीन. पोरनं नई."

नथ्थूनं एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. ज्यांना लाकूड लागायचं त्यांच्याकडेही बघितलं. कोणी सुतक मानायची तयारी दाखवली नाही, पण त्याच्या बाजूलाही कोणी सरकलं नाही. "हिलाल," तो म्हणाला, "तू घरना कर्ता शे. तू सांग."

ज्या बायकोची हिलालला आयुष्यभर लाज वाटली होती, ती लाज आता उलटी फिरून त्याच्याच अंगावर आली होती. तो खाली बघत बाहेर गेला. थोड्या वेळानं अंगणातून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. तो दमणीला बैल जुंपत होता. गुळाची ढेप त्यानं आणून गाडीत टाकली. मग आत आला, ठगूपुढं गुडघ्यावर बसला आणि तिच्या हिरव्या परकराची नाडी सोडू लागला. गाठ सुटेना. शेवटी बायजानं सोडली आणि पोरीला आपल्या पदरात गुंडाळलं.

मंगलाला भान आलं तेव्हा हात आगीसारखा झोंबत होता. नेहमीप्रमाणं तिनं आधी घरातली तोंडं बघितली. सगळ्यांनी तोंडं फिरवली होती. म्हणजे आपणच काहीतरी केलं. काय केलं या खेपेस? मग तिला ओल्याचिंब सासूबाई दिसल्या.

"जिजी, कोन वारनं?" ती घाबरून म्हणाली.

"नथ्थू," भिकुबाई म्हणाल्या.

मंगलानं दाराकडे बघितलं. नथ्थू उंबऱ्याबाहेर उभा राहून जोडा घालत होता, चांगला जिता होता. मग तिनं स्वतःच्या भाजलेल्या तळहाताकडे बघितलं. मनगटावर बोटांचे वळ होते, ते बघता बघता तिचा श्वास मोठा झाला. कोणाला काही विचारावं असं तिला या खेपेस वाटलं नाही.

हंड्यात तळाला थोडं पाणी उरलं होतं. तिनं तो चांगल्या हातानं उचलला आणि डोक्यावर रिकामा केला. एखाद्या माणसाचं सुतक इतक्या मनापासून कोणी धरलं नसेल. भिकुबाईंना मग उभं राहवेना, त्या ओल्या जमिनीवरच बसल्या आणि सुनेच्या पायांजवळ डोकं टेकून रडू लागल्या. मंगलानं त्यांना उठवलं नाही, आणि पाय मागंही घेतले नाहीत.

बाहेर दमणी हलली. चाकांचा आवाज आला. बायजानं धसकून कोठीकडे बघितलं, पण मंगला जागेवरच उभी होती, केसांतून पाणी गळत.

"ठगू," बायजानं हळूच विचारलं, "दख बरं. कोन शे आते?"

ठगू आईजवळ गेली आणि खूप वेळ तिच्या डोळ्यांत बघत राहिली.

"समद्या शेतस," ती म्हणाली.